सेतुमामांच्या ओसरीवर विसरायला बंदी

सेतुमामांनी एकदा एका बँक मॅनेजरच्या हातातून अर्धी प्यालेली कॉफी काढून घेतली. मी समोर होते म्हणून सांगते, नाहीतर मलाही खोटं वाटलं असतं. मॅनेजर त्यांचा जुना विद्यार्थी, चांगला पन्नाशीचा, टक्कल पडलेला. मुलाच्या लग्नाचं आमंत्रण मामांना द्यायचं राहून गेलं, म्हणून फळं घेऊन माफी मागायला आला होता. मामींनी कॉफी दिली. पहिला घोट घेऊन तो हसत म्हणाला, "सर, इट जस्ट स्लिप्ड माय माइंड." मामा उठले, त्याच्या हातातला टंबलर घेतला, उरलेली कॉफी जास्वंदीच्या बुडाशी ओतली आणि विचारलं, "स्लिप्ड? तुझे डोक्यांत शेवाळ आहे काय?"

फळं मात्र ठेवून घेतली. ती तो आठवणीनं घेऊन आला होता, असं त्यांचं म्हणणं.

सेतुमामा आमच्या समोर राहतात. तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी पाच-सहाच घरं उरली आहेत, त्यातलं एक त्यांचं, एक आमचं. ते माझे सख्खे मामा नव्हेत. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही म्हणते. मी मूळची कराडची. नवरा पुण्यात नोकरीला होता, तिथे जमलं, आणि लग्नानंतर वर्षभरात तो मला इथे घेऊन आला. या लोकांचं मराठी पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला कळेना, हे पोथी वाचतायत की भांडतायत. मामा भांडत होते.

हयातभर त्यांनी इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण शिकवणं सुटलं नाही. ते ओसरीवर आलं. इंग्रजीतल्या बाकी कुठल्या चुकीबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. कोणी काळ चुकवो, क्रियापद चुकवो, मामा मान डोलावतात. पण विसरल्यावर लोक इंग्रजीत जे बोलतात, ते कानावर आलं की यांच्या तळपायाची आग मस्तकात. स्लिप्ड माय माइंड, स्किप्ड माय माइंड, एस्केप्ड मी. "घसरलें, उडी मारून गेलें, निसटून पळालें!" मामा ओरडत. "सगळें त्या कामानेंच केलें. हा गरीब तर खुर्चीवर बसला होता." नाचता येईना अंगण वाकडं असं आपण म्हणतो. मामांच्या मते इंग्रजीत अंगण नुसतं वाकडं नसतं, उठून चालायला लागतं.

ऐकल्यासारखं वाटतंय अशा अर्थानं कोणी 'रिंग्ज अ बेल' म्हणालं, की मामा थंडपणे सांगत, "मग जाऊन दार उघड." परीक्षेत 'माइंड वेंट ब्लँक' असं रडत सांगणाऱ्या शेजारच्या मुलीला त्यांनी विचारलं, पुसलें कोणी, तो माणूस मज दाखव. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. देवनागरी फारसं कोणाला वाचता येत नाही, म्हणून मराठीही इंग्रजी अक्षरांत लिहितात. तिथे कोणी 'टोटली स्लिप्ड' लिहून खाली हसणारं पिवळं तोंड टाकलं, की मामा ग्रुपवर उत्तर देत नसत. त्या माणसाच्या घरी फोन करत. आणि फोन त्याच्या बायकोकडे मागत.

विम्याचा एक एजंट आला होता. सलामीलाच अडखळला, "सर, युवर गुड नेम... इट्स ऑन द टिप ऑफ माय टंग." मामांनी त्याला बसवलं. जिभेच्या टोकावर आहे ना, मग जाईल कुठे, पडेपर्यंत बस म्हणाले. तो हसला. मामा हसले नाहीत. उन्हं ओसरीवर आली तरी तो बिचारा बसून होता, आणि दारावरची पाटी त्याच्या पाठीमागे होती. शेवटी मीच समोरच्या खिडकीतून खूण करून त्याला मागे बघायला लावलं. त्यावरून मामा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

एकाच वाक्याला त्यांच्याकडे माफी होती. 'आय हॅव अ मेमरी लाइक अ सीव्ह' म्हणणाऱ्याला ते दुसऱ्यांदा कॉफी विचारत. कारण काय, तर आपल्या डोक्याची चाळणी झाली हे तो आपल्या तोंडानं कबूल करतो.

मला या सगळ्याचा संताप यायचा. अहो, माणूस आहे, विसरतो. त्यात एवढं काय? एकदा मामींच्या कसल्याशा गोळ्या कॉलेजजवळच्या दुकानातून आणायचं मी कबूल केलं होतं. मी तिथल्या ऑफिसात काम करते. दिवसभर फायली, त्यात साहेबांची कटकट. घरी आल्यावर आठवलं. "मामा, माइंडमधून पार स्लिप झालं," असं माझ्या तोंडून गेलं, आणि या माणसानं मला भर उन्हात परत पाठवलं. स्कूटरवर जाताना मी त्यांना अस्सल कराडी शिव्या घातल्या. आल्यावर गोळ्या हातावर ठेवून सुनावलंही, की आम्हीही ध्यानातून गेलं, डोक्यातून उतरलं असं म्हणतोच की. मग इंग्रजीवरच दात का?

"म्हणतां," मामा म्हणाले. "पण तेव्हां तुझें तोंड एकदां आरशांत बघ. आणि त्या मॅनेजराचें आठव. दांत दिसत होते त्याचे."

हे मात्र खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

पण खरा खटका उडाला तो आमच्याच घरात. माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ चेन्नईहून आला होता. सासूबाईंनी मामा-मामींना फराळाला बोलावलं. मामींनी त्याला विचारलं, कधीं आलास? त्यानं सांगितलं. थोड्या वेळानं मामींनी पुन्हा तेच विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "मामी, सीनियर मोमेंट!" मामीही हसल्या. म्हातारपणच्या विसराळूपणाला इंग्रजीत गमतीनं असं म्हणतात, पण त्यांना बहुतेक ते कळलंच नाही. मामांनी हातातली बशी भिंतीवर फेकली. फुटली. चटणी माझ्या नव्या पडद्यावर. "ऊठ," ते त्या मुलाला म्हणाले. आमच्या घरातून, आमच्या पाहुण्याला! आणि तो वेडा खरंच उठला, बॅग उचलली, स्टँडवर गेला.

मी मामांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. वयाचा मान, शेजारधर्म, सगळं बाजूला ठेवलं. ते ऐकत उभे राहिले आणि मामींचा हात धरून निघून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस मी समोरच्या ओसरीकडे बघितलं नाही. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं मी सगळीकडे सांगत होते. चोर तो चोर, वर शिरजोर, असंही म्हणत होते.

आता मामींबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या गल्लीत तिथ्या मामी सांगतात. कोणाच्या घरी कोणाचं श्राद्ध कधी, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. याची गरज का पडते, तर इथे घराघरात लटकतं ते तमिळ कॅलेंडर. त्याचे महिने सूर्यावर चालतात. आमचे चंद्रावर. वद्य पंचमी दोघांची एकच, पण आपला आषाढ आणि त्यांचा आडी हे जोडीनं चालत नाहीत. कधी एक पुढे, कधी दुसरा. त्यामुळे तमिळ महिना धरून तिथी काढली की एखाद्या वर्षी महिन्याची चूक होते. लग्न होऊन आल्यापासून मामी हा हिशोब करत आल्या. तिथीच्या आठवडाभर आधी त्या येत, उंबऱ्याबाहेर उभ्या राहत, तिथी आणि वार सांगत आणि तशाच परत जात. त्या कामाला आल्या की घरात पाऊल ठेवत नसत, कॉफी घेत नसत. त्यांनी सांगितलं की घरात उडीद भिजायला पडले. भटजीसुद्धा मामींना विचारल्याशिवाय दिवस देत नसत.

माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे कराडहून भावानं पाठवलेलं मराठी कॅलेंडर असतं. पण ते बघायची सोय नाही. सासूबाई म्हणत, "मामी सांगेल तेंच. तुझा कागद दुधाचे हिशोबास ठेव."

गेली दोन-तीन वर्षं मामींबरोबर मामाही यायला लागले होते. मागे हात बांधून दोन पावलं मागे उभे. निवृत्त नवऱ्याला उद्योग नाही, दुसरं काय, असं मी समजत होते.

माझ्या सासऱ्यांची तिथी आषाढ वद्य पंचमी. गेल्या वर्षी मामी ऑगस्टात आल्या, वार सांगितला, गेल्या. मामा मागे होतेच. पडद्याचा राग डोक्यात असल्यानं मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ठरल्या दिवशी सासूबाईंनी ओल्या लुगड्यानं वडे तळले, खीर केली, मिरच्यांऐवजी मिरी घालून कच्च्या केळ्याची भाजी केली. भटजी जेवले, कावळा शिवला. सासूबाईंचं तोंड उजळलं. संध्याकाळी दुधाचा हिशोब लिहायला मी दारामागचं कॅलेंडर काढलं, आणि त्या दिवसाच्या चौकोनात बघितलं तर श्रावण वद्य पंचमी. आषाढातली जुलैतच होऊन गेली होती. त्या वर्षी ती आडी लागायच्या आधीच पडली होती, आणि मामींनी सरळ भिंतीवरच्या तमिळ कॅलेंडरातली आडी महिन्यातली पंचमी सांगितली होती.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी कसली गप्प बसतेय. नवऱ्याला सांगितलं, ते सासूबाईंनी ऐकलं.

त्या रडल्या नाहीत. जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ते त्या दिवशीं येऊन गेले असतील. दारांत उभे राहून, उपाशी." रात्री जेवल्या नाहीत. सकाळी कॉफीही नको म्हणाल्या. नवऱ्यानं समजावलं, भटजींनी फोनवर सांगितलं की राहिलेलं श्राद्ध अमावस्येला करता येतं, दोष नाही. सासूबाईंचं एकच: "त्या बाईस पुनः माझे दारांत उभी करूं नका. आणि गल्लींत सगळ्यांस सांगा."

माझं डोकं सटकलं. आयतं कोलीत हातात मिळालं होतं. गावभरच्या विसरणाऱ्यांचा पाणउतारा करणारा माणूस, आणि त्याच्या घरातून ही चूक! तशीच रस्ता ओलांडून गेले.

मामा ओसरीवर बसले होते. सोवळं नेसलेले, कपाळाला गंध, अंगावर पंचा. मी एका दमात सगळं सांगितलं, सासूबाई जेवत नाहीत इथपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "तिनें मज बरोबर सांगितलें होतें. तुम्हांस कळवावयाचें माझेकडे होतें. इट स्लिप्ड माय माइंड."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग असा संताप आला म्हणून सांगू! खोटं बोलायचं तर निदान नीट बोलावं. मी म्हटलं, मामा, सांगायला तुम्ही आला नव्हतात. मामी आल्या होत्या. माझ्या समोर, माझ्या उंबऱ्यावर. तुम्ही मागे होतात. चूक मामींची आहे आणि तुम्ही ती उभ्या उभ्या ऐकली आहे. तेव्हाच का नाही बोललात?

"तिचेसमोर?" मामा म्हणाले.

एवढंच. तेवढ्यात आतून मामींची हाक आली, पान वाढलें, या. वड्यांचा वास येत होता. मी विचारलं, आज काय आहे तुमच्याकडे? मामा म्हणाले, आईची तिथी. मामांच्या आईची तिथी पौषात असते, हे मलाही ठाऊक आहे. दर वर्षी त्या थंडीत मामी कुडकुडत ओल्या लुगड्यानं वावरतात. आणि हा श्रावण होता. आत भटजी नव्हते, कोणी नव्हतं. आणि तिथीच्या दिवशी पान होईपर्यंत उपाशी राहायचं, तर मामांना सकाळी इडल्या खाताना मी खिडकीतून बघितलं होतं.

"तिला आठवली कीं करतों," मामा म्हणाले. "मागचे महिन्यांतही केली. सकाळीं तिनेंच इडली वाढली हें तिला ठाऊक नाहीं. सांगूं नको."

माझा राग उतरला नाही, खरं सांगते. उलट वाढला. दोन-तीन वर्षं हा माणूस हे एकटा ओढत होता आणि आम्ही समोर राहत होतो. बंगळूरला असलेल्या तुमच्या मुलीला तरी सांगितलंत का, विचारलं. नव्हतं सांगितलं. तिला कळलं की ती आईला घेऊन जाणार, तिथल्या डॉक्टरांना दाखवणार, आणि ते मामींच्या देखत सगळं नाव घेऊन बोलणार. मी म्हटलं, मामा, बास झालं. मामींना तुम्ही स्वतःच सांगा. शांतपणे, समजावून सांगा, की तुला आता आठवत नाही.

मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. आवाज चढलेला नव्हता.

"कोणते भाषेंत सांगूं, तूं सांग. इंग्रजींत जितकें आहे तितकें सगळें मज येतें. रात्रीं पडून एकेक लावून बघतों. तिला लागणार नाहीं असें एकही नाहीं त्यांत."

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. मला बघून त्यांना आनंद झाला. बरें झालें भेटलीस, तुझे घरींच यावयाचें होतें, म्हणाल्या. मग दोन पावलं पुढे येऊन त्या स्वतःच्याच उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, आणि नेहमीच्या सुरात मला सांगितलं, "सासऱ्याची तिथी आली. आषाढ वद्य पंचमी. उडीद आधीं निवडून ठेव."

तिथी बरोबर होती. पक्ष बरोबर होता. नुसता आता कुठला महिना चाललाय, एवढंच त्यांच्याकडे नव्हतं. मी "बरं मामी" म्हणाले. मामा उठले आणि आईच्या तिथीचं जेवायला आत गेले.

घरी आले तेव्हा सासूबाई तशाच बसलेल्या. मी त्यांना सांगितलं, मामींनी जुलैतच येऊन सांगितलं होतं, तुम्ही देवळात गेला होतात, मी ऐकलं आणि विसरले. ऑगस्टात त्या आल्या त्या, झालं का नीट, हे विचारायला. मीच घोटाळा केला. हे असलं तकलादू खोटं, पण सासूबाईंना मामींवर रागावण्यापेक्षा सुनेवर रागावणं सोपं गेलं. त्यांनी ताट मागून घेतलं. जेवताना मला, माझ्या माहेराला आणि कृष्णा-कोयनेच्या पाण्याला जे काही बोलायचं ते बोलल्या. अमावस्येला पुन्हा सगळं केलं. मला त्यांनी वड्यांच्या पिठाला हात लावू दिला नाही. गल्लीत सगळीकडे झालं, कराडच्या सुनेला सासऱ्याची तिथी लक्षात राहत नाही. नवऱ्याला खरं ठाऊक आहे; तो गप्प आहे, आणि त्याचाही मला राग येतो. रोज येतो.

दिवाळीनंतर एका सकाळी मामी आल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. त्यांनी आमच्या आजेसासूबाईंची तिथी सांगितली, जी केव्हाच होऊन गेली होती. मी दारात आडवी होऊ की काय करू, या विचारात होते, तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. त्यांनी मामींचं सगळं ऐकलं, तिथी, वार, उडीद. त्या मामींकडे बघत राहिल्या, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग मागे उभ्या असलेल्या मामांकडे बघितलं. मामांनी मान खाली घातली.

सासूबाईंनी मामींना हात जोडले. आणि माझ्याकडे वळून, मामींना ऐकू जाईल अशा आवाजात मला झापलं, "ऐकलेंस ना? आतां तरी विसरूं नको."

"नाही विसरणार," मी म्हटलं.